दवाखान्यात जो आलाच नाही, त्या पेशंटची नोंद कुठे असते?

रानजाई यांचा धागा:

नमस्कार मंडळी. गरीब आणि आडबाजूच्या लोकांपर्यंत आरोग्यसेवा कशी पोचवायची हा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा दोनच ठिकाणी येऊन थांबतं, दवाखाने बांधा आणि उपचार फुकट करा. दोन्ही हवंच, त्यावर माझं काही भांडण नाही. पण या क्षेत्रात बरीच वर्षं काम करताना एक गोष्ट मला सतत टोचत आलीये आणि त्यावर इथे मनापासून चर्चा व्हावी असं वाटतं म्हणून हा धागा.

कुठल्याही दवाखान्याचं रजिस्टर उघडा, त्यात आलेल्या माणसांची नोंद असते. ओपीडीला किती आले, किती जणांना गोळ्या दिल्या, किती वर पाठवले, आणि महिन्याचा रिपोर्ट त्यावरच जातो. जी बाई आलीच नाही, ज्या माणसाने बीपीची गोळी दुसऱ्याच महिन्यात सोडली, जे मूल लसीच्या दिवशी आईबरोबर तिच्या कामावर गेलं, त्यांच्यासाठी त्या रजिस्टरात रकानाच नाहीये. आणि ज्यांना उपचारांची सगळ्यात जास्त गरज आहे ते लोक नेमके या न आलेल्यांमध्ये सापडतात, म्हणजे सगळ्यात गरीब, सगळ्यात लांबचे, ज्यांना कुणी नीट बोलत नाही ते.

वेल्समध्ये ग्लिनकोरूग नावाच्या कोळसा खाणीच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. 1971 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी एक गोष्ट मांडली जी आजही या विषयातला प्रत्येक जण सांगतो, की चांगली आरोग्यसेवा जिथे गरज जास्त तिथे कमी मिळते आणि जिथे गरज कमी तिथे जास्त, आणि सेवा जितकी बाजारावर सोडाल तितकं हे व्यस्त प्रमाण वाढतं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. त्यांनी गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचं बीपी मोजायचं ठरवलं, दवाखान्यात येणाऱ्यांचंच नाही तर न येणाऱ्यांचंही. यादी केली, जे उरले त्यांच्या मागे लागले, आणि मग वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. पंचवीस वर्षांनी हिशोब मांडला तेव्हा शेजारच्या तशाच गरीब गावापेक्षा या गावात अकाली मरणाऱ्यांचं प्रमाण बरंच कमी निघालं. त्यात नवं औषध नव्हतं की मोठं हॉस्पिटल नव्हतं. कोण आलं नाही हे त्यांना नावानिशी माहीत होतं, एवढंच.

लोक का येत नाहीत याचं उत्तर 'अज्ञान' असं पटकन दिलं जातं, ते मला पटत नाही. रोजंदारीवरचा माणूस दवाखान्यात गेला की त्याची त्या दिवसाची कमाई बुडते, बरोबर कुणी गेलं तर दोघांची बुडते, वर येण्याजाण्याचा खर्च, आणि एवढं करून डॉक्टर नाहीत किंवा गोळ्या संपल्यात असं कळलं तर तो पुन्हा कशाला येईल? ताप असेल तर माणूस तरी जाईल, पण बीपी-शुगरमध्ये दुखत काहीच नाही, तिथे दर महिन्याला एक दिवसाची मजुरी सोडणं म्हणजे काय ते जरा त्याच्या जागी बसून बघा. केस पेपर फुकट केला म्हणून हा खर्च कमी होत नाही.

बाळंतपणात बायका का दगावतात यावर थॅडियस आणि मेन या दोघी संशोधकांनी 1994 मध्ये तीन उशीर सांगितले होते. जायचं हे ठरवायला उशीर, तिथे पोचायला उशीर, आणि पोचल्यावर खरे उपचार सुरू व्हायला उशीर. आपलं सगळं लक्ष दवाखान्याच्या आतल्या तिसऱ्या उशिराकडे असतं, ते असायलाच हवं, पण पहिले दोन उशीर दवाखान्याच्या भिंतीबाहेर आहेत आणि त्यांची जबाबदारी कुणाच्याच कामाच्या यादीत नसते.

माझं म्हणणं असं आहे की दवाखान्याचं काम चांगलं की वाईट हे किती आले यावर ठरू नये. त्याच्या हद्दीत राहणाऱ्या माणसांपैकी कोण राहिलं, का राहिलं आणि त्याच्यासाठी काय केलं यावर ठरावं. तुम्हाला काय वाटतं? कामाचे अनुभव असतील तर जरूर लिहा, विरोधी मत असेल तर तेही लिहा.

---

पाऊलखुणा:

+१. मजुरी बुडण्याचा मुद्दा फार नेमका. आमच्या ओळखीत एक जण टीबीची औषधं मध्येच सोडून बसला होता, सगळे त्याला नावं ठेवत होते. नंतर कळलं की औषध मिळण्याची वेळ आणि त्याच्या कामाची वेळ एकच होती, आणि मुकादमाला रोज काय सांगणार, टीबी म्हटलं की कामच गेलं. वेळ बदलून दिल्यावर कोर्स पूर्ण केला त्याने.

---

हिशेबी:

धागा चांगला आहे पण थोडं वेगळं मत मांडतो. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं. थोडे तरी पैसे घेतले की माणूस ती गोष्ट जपतो, गोळ्या टाकून देत नाही, आणि दवाखान्यालाही थोडा आधार होतो. अगदी नाममात्र फी ठेवली तर काय बिघडलं?

---

आकडेमोड:

हिशेबी, हा प्रश्न बऱ्याच लोकांना पडतो, आणि तो खरोखर तपासलाही गेलाय म्हणून सविस्तर लिहितो.

ऐंशीच्या दशकात बऱ्याच गरीब देशांनी अगदी तुम्ही म्हणता त्याच विचाराने सरकारी दवाखान्यांत फी सुरू केली. पुढे केनियात मुलांच्या जंतांच्या गोळ्यांवर अभ्यास झाला, क्रेमर आणि मिगेल या अर्थतज्ज्ञांचा. गोळी फुकट होती तिथे साधारण 75 टक्के मुलांनी घेतली, थोडीशी फी लावली तिथे हा आकडा 19 टक्क्यांवर आला. केनियातच कोहेन आणि द्युपा या दोघींनी गरोदर बायकांना मच्छरदाण्या देऊन पाहिलं, काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी वेगवेगळ्या सवलतीच्या किमतींना. अगदी किरकोळ किंमत लावली तरी घेणाऱ्यांचं प्रमाण 60 टक्के पॉइंटने, म्हणजे दर शंभर जणींमागे 60 जणींनी घसरलं. आणि तुमच्या मुद्द्याचं उत्तर त्याच अभ्यासात आहे, ज्यांना मच्छरदाणी फुकट मिळाली त्यांनी ती विकत घेणाऱ्यांपेक्षा कमी वापरली असं दिसलं नाही.

युगांडाने 2001 मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी काढून टाकली, तेव्हा गर्दी एकदम वाढली आणि त्यात गरिबांचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे नाममात्र फी जे गाळते ते अनावश्यक पेशंट नसतात, ते रानजाई म्हणतायत तेच लोक असतात.

मात्र फी काढताना दवाखान्याला दुसरीकडून पैसे द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर आठवड्यात औषधं संपतात आणि मग तोच माणूस बाहेरच्या दुकानातून महाग घेतो. तेव्हा फुकट करायचं तर औषधांच्या पुरवठ्यासकट करा.

---

जुनी परिचारिका:

मी नोकरीची सगळी वर्षं नर्स म्हणून काढली, आता निवृत्त आहे. इथे सगळे पैसे, वेळ, अंतर यावर लिहितायत ते खरंच आहे पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते, माणूस परत न येण्याचं मी सगळ्यात जास्त पाहिलेलं कारण म्हणजे त्याच्याशी बोललं कसं गेलं.

बाई चौथ्या बाळंतपणाला आली की आधी तिला दोन शब्द सुनावले जातात. म्हातारा माणूस कागद घरी विसरला की सगळ्यांसमोर ओरडा. अंगाला वास येतो म्हणून लांब उभं करणं. भाषा वेगळी असेल तर ती बाई काय सांगते ते कळून घ्यायला कुणाला वेळ नाही, मग पोटात दुखतंय एवढंच लिहून गोळी. त्यांना लिहिता-वाचता येत नाही हे माहीत असून चिठ्ठी हातात देऊन खिडकी नंबर अमुकला जा म्हणायचं. ती माणसं भांडत नाहीत, तक्रार करत नाहीत, मान खाली घालून निघून जातात आणि परत येत नाहीत, आणि आपण म्हणतो या लोकांना आरोग्याचं महत्त्व कळत नाही.

स्टाफची बाजूही मला माहीत आहे, मी त्याच खुर्चीत बसले आहे. एका नर्सवर तिघींचं काम, लिहायची रजिस्टरं डझनभर, सकाळपासून पाणी प्यायला वेळ नाही, अशा वेळी माणूस करवादतो. म्हणून नुसतं 'नम्रपणे वागा' असा बोर्ड लावून काही होणार नाही. माणसं वाढवा, निम्मं लिखाण कमी करा, आणि लाइनीत उभ्या असलेल्या लोकांना वाट दाखवायला त्यांच्याच वस्तीतलं, त्यांचीच भाषा बोलणारं एखादं माणूस दारात ठेवा. हे शेवटचं मी प्रत्यक्ष होताना पाहिलंय आणि त्याने फरक पडतो.

रानजाई, तुमच्या नसलेल्या रकान्याबद्दल, लसीकरणात आणि टीबीत राहिलेल्यांची यादी करायची पद्धत आहे बरं का. पण बीपी, शुगर, मानसिक आजार, अंथरुणाला खिळलेली माणसं, यांच्यासाठी क्वचितच कुणी करतं. आणि यादी असली तरी ती घेऊन घरी जायला माणूस नसतो.

---

खडीवाट:

परिचारिका काकू, अगदी मनातलं लिहिलंत.

मला वाटतं यावर आता मोबाईल हा मोठा उपाय आहे. प्रत्येकाच्या हातात फोन आलाय, एक चांगलं ॲप काढलं, व्हिडिओवर डॉक्टर बोलले, तारखेची आठवण मेसेजने गेली, तर अंतराचा प्रश्नच राहणार नाही. मजुरीही बुडणार नाही. यावर कुणी का बोलत नाहीये?

---

रानजाई:

खडीवाट, फोनचा उपयोग आहे, मी विरोधात नाही. पण 'प्रत्येकाच्या हातात' म्हणताना जरा थांबायला हवं. घरात एकच फोन असतो आणि तो बहुतेक वेळा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. बाईला अंगावरून जाण्याचा त्रास असेल तर ती नवऱ्याच्या फोनवरून, एका खोलीच्या घरात सगळ्यांसमोर, अनोळखी डॉक्टरला कसं सांगेल? शिवाय ज्यांना वाचता येत नाही, ज्यांचा रिचार्ज संपलाय, ज्यांचा नंबर सारखा बदलतो, ती माणसं इथेही गळणार, म्हणजे न आलेल्यांची यादी पुन्हा तीच.

फोन द्यायचाच तर घरोघर जाणाऱ्या कार्यकर्तीच्या हातात द्या असं माझं मत आहे. ती समोर बसून बीपी मोजेल, अडलं तर तिथूनच डॉक्टरांना विचारेल, कोण राहिलं ते तिला स्क्रीनवर दिसेल. तंत्रज्ञानाचा मला आवडणारा वापर रवांडात दिसतो, तिथे 2016 पासून लांबच्या दवाखान्यांना रक्ताच्या पिशव्या ड्रोनने पोचवतात. डोंगराळ भाग, रस्त्याने जायला वेळ लागतो, आणि बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईकडे तेवढा वेळ नसतो. तिथे पेशंटला स्वतः काहीच शिकावं लागत नाही, दवाखान्याची अडचण दवाखान्याच्या बाजूने सुटते.

---

वाटाड्या:

मी डॉक्टर आहे, काही काळ खूप आतल्या भागात काम केलंय. घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्या वगैरे ऐकायला छान आहे पण एक खरा प्रश्न विचारतो आणि कृपया राग मानू नका. शहरातल्या पैसेवाल्याला एमडी डॉक्टर आणि गरिबाला आठवी-दहावी शिकलेली कार्यकर्ती, हे आपण कायमचं मान्य करतोय का? गरिबांसाठी दुय्यम दर्जाची सेवा, त्याला गोड नाव दिलेलं? मला ही भीती मनापासून वाटते.

---

जुनी परिचारिका:

डॉक्टर, राग कसला, प्रश्न योग्यच आहे.

पण तुम्ही आणि मी दोघांनीही पाहिलंय की डॉक्टर तिथे टिकत नाहीत. मग निवड एमडी की कार्यकर्ती अशी नसते, कार्यकर्ती की कुणीच नाही अशी असते. आणि नीट शिकवलेली बाई काय करू शकते ते गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवलंय. नव्वदच्या दशकात 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळाचं वजन घ्यायचं, श्वास मोजायचा, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाला, 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. तेव्हा नवजात बाळाला वाचवायचं तर हॉस्पिटलच लागतं असं सगळे मानत होते. आणि धाग्याच्या विषयाशी जोडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी आधी गावोगाव प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजायची पद्धत बसवली. घरी जन्मून घरीच गेलेली बाळं तोवर कुठल्याच कागदावर नव्हती.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच केलं. गावाने निवडलेल्या बायका, त्यातल्या कितीतरी निरक्षर, दलित वस्तीतल्याही, दर आठवड्याला शिकायला यायच्या. त्या वरून नेमलेल्या नव्हत्या, गावच्या होत्या, म्हणून घरात शिरता येत होतं.

---

आकडेमोड:

वाटाड्या यांच्या मुद्द्यावर एक भर. मोझांबिकमध्ये डॉक्टर फार कमी, म्हणून 1984 पासून तिथे डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचं तीन वर्षांचं प्रशिक्षण द्यायला लागले, सिझेरियनसुद्धा. नंतर पाहणी झाली तेव्हा जिल्ह्याच्या हॉस्पिटलांतल्या बाळंतपणाच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी 92 टक्के यांनीच केलेल्या होत्या. आणि सात वर्षांनी यांच्यापैकी 88 टक्के अजून जिल्ह्याच्याच हॉस्पिटलात होते, तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता.

---

वाटाड्या:

हे आकडे माहीत नव्हते, धन्यवाद. मग माझं म्हणणं थोडं बदलून मांडतो. कार्यकर्ती चालेल, पण तिच्या मागे कुणीतरी हवं. तिला औषधं वेळेवर मिळाली पाहिजेत, अडलं तर विचारायला माणूस पाहिजे, आणि तिने वर पाठवलेला पेशंट वरच्या दवाखान्याने मानाने घेतला पाहिजे. मी पाहिलंय की कार्यकर्ती रात्री गाडी जमवून बाईला घेऊन येते आणि तिला दारातच 'तुला काय कळतं' असं ऐकावं लागतं. पुढच्या वेळी ती आणणार नाही. पहिली पायरी मजबूत आणि दुसरी पायरीच नाही असं झालं तर पेशंट मधल्यामध्ये जातो.

ब्राझीलचं उदाहरण याच कारणाने मला आवडतं. 1988 च्या राज्यघटनेत त्यांनी आरोग्य हा हक्क म्हणून लिहिला आणि 1994 पासून वस्तीनिहाय टीम केल्या, एक डॉक्टर, एक नर्स, सहायक आणि काही आरोग्य कार्यकर्ते. प्रत्येक कार्यकर्त्याकडे ठरावीक घरं, जास्तीत जास्त साधारण 750 माणसं, आणि कुणी आजारी असो-नसो, महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जायचंच. म्हणजे कार्यकर्ता आणि डॉक्टर एकाच टीममध्ये, एकाच यादीवर काम करतात.

---

सदाफुली:

वाचनमात्र होते, पण कार्यकर्त्यांचा विषय निघाला म्हणून लिहितेय, मी ते काम करते.

सगळे म्हणतात गावातलीच बाई, तिच्यावर विश्वास असतो, ती रात्री-बेरात्री जाते. हो जाते. पण त्या बाईला काय मिळतं हे कुणी विचारत नाही. आम्हाला 'स्वयंसेविका' म्हणतात, म्हणजे पगार नको, सुट्टी नको, आजारी पडलो तर काही नको. लस दिली की एवढे, बाळंतपणाला नेलं की एवढे, असं तुकड्या-तुकड्याने मिळतं तेही महिने उशिरा. मग ज्या कामाचे पैसे नाहीत, म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे नुसतं बसून तिने गोळी घेतली का बघणं, ते काम मागे पडतं, आणि नेमकं तेच या धाग्यात सगळे मागतायत. आम्हीही गरीबच आहोत, आमच्याही घरात मजुरी बुडते. गरिबांची सेवा गरीब बाईच्या फुकट कष्टांवर उभी करू नका एवढंच म्हणणं आहे.

---

रानजाई:

सदाफुली ताई, लिहिलंत हे फार बरं झालं. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तुम्ही म्हणता तेच सांगितलंय, की आरोग्य कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात ठरलेला मोबदला द्या, आणि तो सगळा किंवा बराचसा कामाच्या तुकड्यांवर बांधू नका. इथियोपियाने 2003 मध्ये योजना सुरू केली तेव्हापासून कार्यकर्त्यांना सरकारी पगार दिला. दहावीपर्यंत शिकलेल्या गावच्या मुली, एक वर्षाचं प्रशिक्षण, साधारण पाच हजार वस्तीमागे दोघी, आणि अशा 30,000 हून जास्त जणी उभ्या केल्या. तो देश काही श्रीमंत नव्हता. म्हणजे पगार परवडत नाही हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

---

पाऊलखुणा:

मानसिक आजारांचं परिचारिका काकूंनी वर एका ओळीत लिहिलंय, त्यावर थोडं. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी 2006 च्या सुमारास वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसवलं. देशभरात मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच होते. उदास असलेला माणूस बाकावर येऊन बसतो, आजी ऐकून घेते, त्याच्या अडचणींतली एक निवडायला लावते आणि ती सोडवायची पुढची पायरी त्याच्याबरोबर ठरवते. 2016 मध्ये त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली आणि सहा महिन्यांनंतर लक्षणं कमी राहिलेली दिसली. मला यातली बाकाची जागा महत्त्वाची वाटते. मानसोपचाराच्या दारातून आत जायला लोक लाजतात, आजीजवळ बसायला कोण लाजेल?

---

हिशेबी:

फीच्या बाबतीत माझं मत बदललं, आकडेमोड यांचे आभार. आता पैशाचाच दुसरा प्रश्न. सरकारने दवाखान्याला पैसे कसे द्यावेत? दर तपासणीमागे दिले तर ते आलेल्यांवरच लक्ष देणार, अनावश्यक तपासण्याही वाढणार. नोंदवलेल्या माणसांच्या संख्येवर ठोक रक्कम दिली तर उलट, जो आलाच नाही त्याचे पैसे वाचले, म्हणजे न येणारा पेशंट दवाखान्याच्या फायद्याचा! दोन्हीकडे पेच आहे.

---

आकडेमोड:

पेच खरा आहे. थायलंडने दुसरा मार्ग घेतला. 2001-02 मध्ये त्यांनी जवळपास 1 कोटी 80 लाख विमा नसलेल्या लोकांना एका योजनेत आणलं, दर खेपेला 30 बाट (तिथलं चलन) भरायचे, गरिबांना तेही माफ. दाखल न होता घेतलेल्या, म्हणजे ओपीडीच्या उपचारांसाठी दवाखान्याला हद्दीतल्या माणसांमागे ठोक रक्कम मिळते. तिथे हे चाललं याला माझ्या मते दोन कारणं आहेत. एक, योजनेच्या आधी कित्येक वर्षं त्यांनी तालुक्याच्या पातळीवरची हॉस्पिटलं बांधून घेतली होती आणि सरकारी शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना सक्तीने ग्रामीण भागात पाठवत होते, म्हणजे कार्ड दिलं तेव्हा ते दाखवायला जवळ जागा होती. दोन, आजार टाळण्याच्या कामाचा पैसा वेगळा ठेवला आणि गावोगाव दहा लाखांच्या आसपास आरोग्य स्वयंसेवक होते. (सदाफुली ताई, हो, तेही स्वयंसेवकच म्हणवले जात, पण 2009 पासून त्यांना सरकार दरमहा भत्ता देतं.) गरीब प्रांतांमधले बालमृत्यू योजनेनंतर कमी झाले.

तरी तुमचा पेच पूर्ण सुटत नाही. म्हणून ठोक रकमेबरोबर राहिलेल्यांची यादी मागायला हवी. हद्दीत बीपीची माणसं अंदाजे किती, त्यांतली गोळ्या सुरू असलेली किती, आटोक्यात किती, आणि बाकीची कुठे आहेत. हे विचारणारं कुणी नसेल तर कुठलीही पैशाची पद्धत घ्या, गरीबच बाहेर राहणार. 2021 चा अंदाज होता की जगात 450 कोटी लोकांना आवश्यक आरोग्यसेवा पूर्णपणे मिळत नाहीत, हे सगळे काही दवाखाना नसलेल्या जागी राहत नाहीत.

---

नवखी:

धागा सलग वाचून काढला. आमचा छोटा गट आहे, महिन्यातून एकदा एका वस्तीत तपासणी शिबिर घेतो. गर्दी चांगली होते पण हा धागा वाचल्यावर लक्षात आलं की दर वेळी साधारण तेच चेहरे असतात. सुरुवात कुठून करावी? पैसे फार नाहीत आमच्याकडे.

---

जुनी परिचारिका:

नवखी बाळा, शिबिरांची संख्या वाढवू नका, आहे ते शिबिर पक्कं करा. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, आणि काहीही झालं तरी ते चुकवायचं नाही. उदयपूर जिल्ह्यात बॅनर्जी, दुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी लसीकरणावर अभ्यास केला होता. नेहमीच्या पद्धतीत पूर्ण लसीकरण झालेली मुलं 6 टक्के होती. नुसतं दर महिन्याला ठरलेल्या दिवशी खात्रीने शिबिर झालं तिथे 18 टक्के. आणि शिबिराला येणाऱ्या आईला दर लसीमागे किलोभर डाळ दिली तिथे 39 टक्के. बायकांचा लसीला विरोध असता तर डाळीने एवढा फरक पडला नसता, त्यांच्या गेलेल्या वेळाची थोडी भरपाई झाली आणि 'पुढच्या महिन्यात बघू' थांबलं. शिवाय प्रत्येक पूर्ण लसीकरण झालेल्या मुलामागचा खर्च डाळीसकट नुसत्या शिबिरापेक्षा जवळपास निम्मा आला, कारण नर्सला दिवसाचे पैसे मुलं आली काय, न आली काय, द्यावे लागतातच.

मग वस्तीतली घरं लिहून काढा. एक साधी वही पुरे, घरात कोण कोण, वय, काही आजार, शिबिराला आले का. वस्तीतल्याच दोघी-तिघींना बरोबर घ्या. पहिल्या फेरीत औषध, सल्ला काही देऊ नका, नुसतं ऐका.

आणि तुमचे स्वतःचे लोक मनापासून मानतात का तेही बघा. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने 1980 ते 1990 मध्ये 1 कोटी 20 लाखांहून जास्त घरी जाऊन आयांना जुलाबासाठी मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. सुरुवातीला आयांना कृती पाठ होती पण करत फार थोड्या होत्या. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांनाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता, त्या स्वतःच्या घरी वापरत नव्हत्या. तेव्हा आधी शिकवणाऱ्यांना नीट समजावलं, मग पुरुषांनाही सांगायला सुरुवात केली कारण घरात निर्णय त्यांच्याकडे होता, आणि मग वापर वाढला.

जो आला नाही त्याच्या घरी गेलात की 'का आला नाहीस' असं विचारू नका, त्याला वाटतं आता ओरडा बसणार. 'त्या दिवशी काय काय होतं?' असं विचारा. उत्तर त्याच्या शब्दांत वहीत लिहा आणि पुढच्या शिबिराची वेळ ठरवताना ती वही समोर ठेवा.

---

सदाफुली:

आणि संध्याकाळी जा. दुपारी घरं बंद असतात.

---

नवखी:

खूप खूप आभार काकू, ताई. आमचं शिबिर दुपारी असतं, त्यामुळेच दर वेळी तेच लोक दिसत असावेत. या महिन्यात शिबिराच्या आधी वही करतो. वस्तीतल्या दोघींशी बोलणं झालंय, त्यांना दर फेरीचे किती द्यायचे ते आधी गटात ठरवतो आणि मगच त्यांना घरोघर जायला सांगतो.